सिनेमाचा अभ्यास, थिएटरबाहेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आमचा सिनेमा अभ्यासाचा वर्ग भरतो. कॉलेजची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, सातपूरच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून थेट येणारे दोघं आहेत. नव्यानं येणारे पहिल्या दिवशी जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

थिएटरं बंद पडतायत, मग सिनेमाचा अभ्यास कशाला करायचा?

कारण हलती चित्रं आपण आज जेवढी पाहतो तेवढी आधीच्या कुठल्याच पिढीनं पाहिली नव्हती. आम्ही वर्गात प्रत्येकाला एक वही ठेवायला सांगतो. दिवसभरात जे जे हलतं चित्र डोळ्यांसमोरून गेलं, ते कुठे पाहिलं, कुणासोबत, किती वेळ आणि आवाज चालू होता की बंद, एवढंच लिहायचं. एका मुलीच्या वहीतला एका दिवसाचा मजकूर तिच्या परवानगीनं सांगतो. सकाळी आत्याच्या मुलाच्या साखरपुड्याचा व्हिडिओ, चुलतभावानं पाठवलेला. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मोबाइलवरची मालिका, आवाज तिचा, चित्र दोघींचं. बँकेतल्या टीव्हीवर मुक्या बातम्या. सिग्नलवरचा जाहिरातीचा मोठा एलईडी पडदा. मैत्रिणीनं पाठवलेल्या अकरा रील्स. रात्री आजीसोबत कीर्तन, मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला. शेवटी अंथरुणात एका सिनेमाची चाळीस मिनिटं. थिएटर त्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही.

या सगळ्याला सिनेमा म्हणायचं का, यावर खुशाल वाद घालू. पण त्यातल्या प्रत्येकाला चौकट आहे, कट म्हणजे एका चित्रावरून दुसऱ्यावर जाणारी उडी आहे, आवाज आहे, लय आहे. या गोष्टी वाचायला शिकवण्याचं काम शंभर वर्षं ज्या विषयानं केलं, त्यानं आता हात वर करून चालणार नाही.

या विषयात नेमकं काय बदललं?

आधी विचारायचो, पडद्यावर काय आहे? आता जोडीनं विचारतो, पडदा कुठे आहे आणि त्याच्या समोर कोण कसं बसलंय?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विषय विद्यापीठांमध्ये रुजला तेव्हा सिनेमा पाहायची एकच रीत गृहीत होती. अंधार, मोठा पडदा, डोक्यावरून जाणारा प्रकाशाचा झोत, अनोळखी माणसं, ठरलेली वेळ. फ्रान्सचे समीक्षक आंद्रे बाझँ सिनेमा म्हणजे काय याचा शोध घेत होते तेव्हा ही रीत वेगळी सांगावी लागत नव्हती. १९७० च्या दशकातल्या सिद्धांतांनी तर प्रेक्षकाचं अख्खं मन त्या अंधाऱ्या खोलीवरून समजावून सांगितलं. तो हलत नाही, बोलत नाही, पडद्याच्या स्वाधीन होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या टॉकीजमधली पुढची रांग आठवली. तिथे गप्प कुणी बसत नसे. हीरो आला की शिट्ट्या आणि चिल्लर, खलनायकाला शिव्या, रडण्याच्या सीनला मागून पोराचं रडणं वेगळंच. पुस्तकातला तो निमूट प्रेक्षक आमच्याकडचा नव्हताच. त्यामुळे 'जुना प्रेक्षक एकाग्र, आजचा चंचल' अशी सरळ मांडणी कुणी केली की मी तिथेच थांबवतो.

इटलीचे अभ्यासक फ्रान्चेस्को कासेत्ती सिनेमाच्या या जागा बदलण्याला स्थलांतर या अर्थाचा शब्द वापरतात. मला तो पटतो. सुरगाणा-पेठहून द्राक्षबागांच्या कामाला नाशिककडे येणारी माणसं बोली बरोबर आणतात, गाणी आणतात, आणि इथे राहून त्यांची बोली थोडी बदलतेही. सिनेमाचंही तसंच झालं. क्लोजअप कसा लावायचा, ताण कुठे वाढवायचा, गाणं कुठे सोडायचं हे तो बरोबर घेऊन निघाला आणि मोबाइलमध्ये येऊन वेगळं बोलायला लागला.

मग 'चित्रपट अभ्यास' हे नाव बदलायचं का?

बाहेर बदललं आहे. अमेरिकेतल्या अभ्यासकांच्या मुख्य संस्थेनं २००२ मध्ये आपल्या नावात 'सिनेमा'च्या जोडीला 'मीडिया' घेतलं, तिच्या नियतकालिकाचं नाव २०१८ मध्ये बदललं. दक्षिण आशियावर २०१० पासून निघणारं 'बायोस्कोप' हे संशोधनपत्र स्वतःला 'स्क्रीन' म्हणजे पडद्याच्या अभ्यासाचं म्हणवतं. आम्ही 'सिनेमा' हाच शब्द ठेवलाय. लोक तो जिव्हाळ्यानं उच्चारतात म्हणून.

थिएटरबाहेरचा सिनेमा ही मोबाइलनं आणलेली गोष्ट ना?

नाही, आणि नाशिककरानं तरी असं म्हणू नये.

सिनेमाचे आद्य जनक मानले जाणारे फ्रान्सचे ल्युमिए बंधू, त्यांचा तिकीट लावून पहिला खेळ झाला तो पॅरिसच्या एका कॅफेत, २८ डिसेंबर १८९५ ला. आपल्याकडे ७ जुलै १८९६ ला मुंबईत झाला तो वॉटसन हॉटेलात. त्याच्याही आधी कल्याणचे महादेव पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडानं पडद्यावर टाकून खेळ करत, त्याला त्यांनी शांबरिक खरोलिका असं झकास नाव दिलं होतं. सिनेमा जन्मला तेव्हा त्याला स्वतःचं घर नव्हतं. ते नंतर बांधलं गेलं.

आता दादासाहेब फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, १९४४ साली नाशिकलाच मृत्यू. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेची सहल तिथे जाते, मुलांना '१९१३, राजा हरिश्चंद्र, पहिला चित्रपट' एवढं पाठ असतं. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी केलेलं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज कॅमेऱ्याचा हँडल फिरवून त्या कोंबाचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर लावलं तेव्हा बी फुटून वेल सरसर वर चढली. 'अंकुराची वाढ'. हा तुकडा थिएटरसाठी नव्हताच. घरातली आणि ओळखीची माणसं गोळा करून दाखवण्यासाठी होता, भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून. म्हणजे आपल्याकडच्या कथापटाची सुरुवात घरातल्या भिंतीवर दाखवलेल्या, मिनिटभराच्या, एकाच युक्तीवर उभ्या असलेल्या चित्रानं झाली. आज हेच काम फोनमधला टाइमलॅप्स करतो. वर्गात आम्ही मुलांना मटकी भिजत घालून मोड येईपर्यंत शूट करायला लावतो. मोड आलेला पाहताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तोच १९१२ मध्ये निघाला असणार.

या कामात सरस्वतीबाई फाळक्यांचा हात होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रं पाडण्याचं काम त्या अंधारात बसून हातानं करत. सिनेमा घरात, स्वयंपाकघराच्या शेजारी तयार होत होता. हे आपण विसरलो, आणि आज एखादी गृहिणी ओट्यावर फोन लावून शूटिंग करते तेव्हा तिच्या कामाला सिनेमाच्या इतिहासात जागा नाही असं समजून चालतो.

१९१३ मध्येच फाळके नाशिकला आले आणि 'लंकादहन'सारखे (१९१७) चित्रपट इथेच झाले. त्यानंतर कितीतरी दशकं महाराष्ट्रातल्या यात्रा-जत्रांमधून तंबूतला सिनेमा फिरत राहिला. पडदा मध्ये, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये, बाहेर जिलबी आणि पाळणे. त्या माणसांना विचारा, त्यांनी सिनेमा पाहिला की जत्रा पाहिली? ते म्हणतील, दोन्ही एकच.

रील हा सिनेमा आहे का?

ल्युमिएंचे पहिले तुकडे मिनिटभराचेही नव्हते. कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, संपलं. कथा नाही, पात्र नाही, 'बघा हे' एवढंच. टॉम गनिंग या अभ्यासकानं १९८० च्या दशकात त्या काळच्या सिनेमाला आकर्षणांचा सिनेमा असं म्हटलं. गोष्टीत गुंतवण्यापेक्षा चकित करणं हे त्याचं काम. रील्स आल्यावर हा विचार पुन्हा उघडून वाचला गेला, आणि ते रास्त आहे.

पण फरकही मोठा आहे. ल्युमिएंचा तुकडा संपला की दिवे लागायचे. रील संपत नाही, पुन्हा सुरू होते, नाहीतर पुढची येते, आणि पुढची कुठली हे तुम्ही ठरवलेलं नसतं. आवाज आधी असतो, चित्र त्यावर बेतलेलं. म्हणून एकटी रील सोडवून तिचं रसग्रहण करण्यात फार हाती लागत नाही. तिच्या आधी काय होतं, नंतर काय आलं, तोच आवाज आणखी कुणी वापरला, हे पाहावं लागतं. आमच्या वर्गात एकाच आवाजावरच्या वीस रील्स शेजारी शेजारी लावून पाहतो. कुणी तो शेतात केलाय, कुणी हॉस्टेलच्या गच्चीवर, कुणी गंगाघाटावर. एका गावाचं, एका वर्गाचं, एका वयाचं चित्र त्यातून दिसतं.

उभ्या चौकटीनं काय फरक पडतो?

खूप पडतो. मूकपटाची चौकट जवळजवळ चौरस होती, रुंदीला चार तर उंचीला तीन. पुढे टीव्हीशी स्पर्धा लागली तेव्हा सिनेमा रुंद होत गेला, कारण घरातल्या पेटीत न मावणारं काहीतरी दाखवायचं होतं. मोबाइलनं ती चौकट उभी केली, नऊला सोळा.

हे हातानं करून पाहा. दोन माणसं ओट्यावर शेजारी बसून बोलतायत. आडव्या चौकटीत दोघं मावतात, मध्ये जागा उरते, त्या जागेत त्यांचं भांडण किंवा प्रेम दिसतं. आता फोन उभा धरा. दोघांना घ्यायचं तर मागे जावं लागतं आणि ती लहान होतात, वर आभाळ आणि खाली फरशी फुकट मिळते. जवळ गेलात तर एकच माणूस उरतो. म्हणून उभ्या चौकटीत माणूस एकटा, समोर बघणारा, थेट तुमच्याशी बोलणारा असतो. हे तिच्या आकारातूनच आलंय. जुन्या रुंद सिनेमाची गाणी उभी कापून टाकतात तेव्हा नायिका राहते आणि तिच्या डावीकडे उभी असलेली, तिला पाहणारी सासू गायब होते. अख्खा सीन सासूच्या नजरेवर बेतलेला असतो आणि लाखो लोक तो सासूविना पाहतात. हे पाहून माझा जीव कासावीस होतो.

उभ्या चौकटीत उत्तम कामही होतं. झाड, विहीर, जिना, रहाट, वारीतला पताकाधारी, हे सगळं तिच्यात सुंदर बसतं.

मालेगावचा सिनेमा तुमच्या अभ्यासक्रमात का आहे?

कारण थिएटरबाहेर सिनेमा कसा जगतो, या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आधीच लिहिलं गेलंय.

मालेगाव यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद आणि सिनेमाचा दिवस. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी गावातल्याच मित्रांना घेऊन, व्हिडिओ कॅमेऱ्यावर, गाजलेल्या सिनेमांची मालेगावी रूपं करायला सुरुवात केली. 'मालेगाव के शोले' २००० च्या सुमाराचा. ट्रॉली नाही तर सायकलवर कॅमेरा. नट दिवसा मागावर. भाषा मालेगावची, पाण्याची टंचाई, वीज, रस्ते यांवरचे विनोद मालेगावचे. त्यांच्यावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि २०२४ मध्ये रीमा कागती यांचा कथापटही आला.

बाहेरचे लोक याकडे 'गरिबांची नक्कल' म्हणून कौतुकानं पाहतात. मला ते अपुरं वाटतं. नासिर शेख पार्लरमध्ये सिनेमे दाखवत होते. तेच तेच सिनेमे पुन्हा पुन्हा पाहून, कुठला भाग लोक मन लावून बघतात, कुठे उठून चहाला जातात, हे त्यांना ठाऊक झालं. हा सिनेमाचा अभ्यासच होता, विद्यापीठाविना केलेला. आज तिथल्या कलाकारांच्या खान्देशी विनोदी व्हिडिओंना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक आहेत. ज्या बोलीला मोठ्या पडद्यावर क्वचितच जागा मिळाली, ती फोनवर घरोघर गेली. अहिराणी गाण्यांचंही तेच. थिएटर गेल्याचं दुःख मला आहे, पण थिएटरनं कुणाकुणाला दारातच थांबवलं होतं हेही यातून कळतं.

मोबाइलवर सिनेमा पाहिला तर तो खरंच पाहिला का?

पाहिला. वेगळा पाहिला.

वर्गातला एक मुलगा नाशिकरोडहून सिटीलिंकच्या बसनं येतो. त्यानं एक अडीच तासांचा सिनेमा सहा दिवसांत, येता-जाता पाहिला. त्याला कथा नीट आठवत नव्हती, पण प्रत्येक थांब्यावर तो कुठल्या चित्रावर थांबला हे लख्ख आठवत होतं. द्वारकेला नायकाचा हात दारावर, शालिमारला रिकामी खुर्ची. मग तोच सिनेमा आम्ही वर्गात, पडदे ओढून, प्रोजेक्टरवर सलग पाहिला. तो म्हणाला, 'सर, यात पाऊस सुरूच असतो, मला कळलंच नव्हतं.' आवाजात होता पाऊस, बसच्या इंजिनात बुडालेला. दोन्ही पाहण्यांत त्याला काहीतरी मिळालं. पण सुट्या चित्रांवर नजर खिळवायची सवय बसनं लावली आणि पाऊस मात्र खोलीनंच दिला. म्हणून माझा आग्रह आहे की दोन्ही करा, आणि निबंधात कुठे पाहिला ते लिहा. आमच्याकडे ती पहिली ओळ असते.

थांबवून, मागे नेऊन पाहिल्यानं सिनेमाचा अपमान होतो का?

नाही हो. पूर्वी ही चैन मोजक्यांना होती. फिल्म सोसायटीत प्रिंट यायची, एकदा लागायची, परत जायची. समीक्षक अंधारात वहीवर वाकडंतिकडं खरडत आणि घरी येऊन आठवणीवर लिहीत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सरांसारखे शिक्षक एकेक शॉट उलगडून शिकवायचे, ते ज्यांना मिळालं ते भाग्यवान. आता चित्र थांबवायचं बटण ज्याच्या त्याच्या बोटाखाली आहे. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये सिनेमातल्या पुरुषी नजरेवर लिहून खळबळ उडवली होती. त्याच मल्व्हींनी २००६ च्या पुस्तकात चित्र थांबवू शकणाऱ्या प्रेक्षकाचा नव्यानं विचार केला.

यातूनच व्हिडिओ निबंध आला, म्हणजे सिनेमाबद्दल शब्दांत न लिहिता त्याच्याच तुकड्यांतून मांडणं. अशा कामासाठी २०१४ पासून वेगळं संशोधनपत्रही आहे. आमच्याकडे वर्षाअखेरीला प्रत्येक जण पाच मिनिटांचा एक करतो. कॉपीराइटचं विचारतात. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहे. तरी ऑनलाइन टाकल्यावर यंत्र आपोआप अडवू शकतं, ती तयारी ठेवा.

कुंभातला सीसीटीव्ही आणि ड्रोन यांचा सिनेमाशी काय संबंध?

आपल्या काळातली सगळ्यात लांब फिल्म तीच आहे, आणि ती पाहायला कुणी बसत नाही. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावरची गर्दी कॅमेऱ्यांनी पाहिली, २०२७ च्या पर्वात त्याहून जास्त पाहिली जाणार. ही चित्रं कुणासाठी आहेत, कोण राखणार, किती दिवसांनी पुसणार, आणि आजोबांचा चेहरा त्यात आहे म्हणून नातवाला ते चित्र मागता येईल का? हे प्रश्न सिनेमाच्या अभ्यासकानंही विचारायला हवेत.

इंग्रजी चांगलं नसेल तर जमेल का?

जमेल. मराठीत सिनेमावर गंभीरपणे लिहिण्याची सुरुवात फाळक्यांनीच केली. 'नवयुग' मासिकात १९१७-१८ मध्ये त्यांनी भारतीय चित्रपटांवर लेखमाला लिहिली. 'शॉट', 'कट' आपलेच झालेत, ते वापरा. पण जे पाहिलं ते आधी घरच्या भाषेत सांगा, अहिराणीत सांगितलं तरी चालेल.

यातून नोकरी मिळते का?

मिळते, पण 'चित्रपट अभ्यासक हवा' अशी जाहिरात येत नाही. संकलन, उपशीर्षकं, संग्रहालयं, महोत्सव, अध्यापन, लेखन, या वाटांनी आमची मुलं गेली आहेत.

या सगळ्याचं जतन कोण करणार?

हा प्रश्न मला झोपू देत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले असं मानतात. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच धडपणे उरले. 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा अख्खा नाही. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळं गोळा केली, म्हणून जे आहे ते आहे. तिथल्याही नायट्रेट फिल्मचा, म्हणजे जुन्या काळच्या चटकन पेटणाऱ्या फिल्मचा, मोठा साठा २००३ च्या आगीत गेला.

फिल्म जळते. डिजिटल चित्र न जळताच जातं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. त्यामागची कारणं वेगळी, त्यावर मी बोलत नाही. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनी, बायकांनी, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर स्वतःला मांडलं होतं, त्यांचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. ज्यांनी प्रती ठेवल्या त्यांचं उरलं. म्हणून वर्गातलं प्रत्येक काम आम्ही दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, नाव, तारीख, गाव लिहून ठेवतो. एक डिस्क वर्गात, दुसरी दुसऱ्या घरी.

घरी लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट आहेत. त्या आणल्या तर चालतील का?

जरूर आणा, आम्हाला त्या हव्याच आहेत. नव्वदच्या दशकातलं लग्न कसं शूट व्हायचं, गुलाबाच्या पाकळीतून नवरी कशी उगवायची, कुठल्या पाहुण्याला कॅमेरा टाळायचा, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

आणण्याआधी एवढं करा. कॅसेटची झडप उचलून उजेडात टेपकडे बघा. पांढुरकी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, टेपही जाईल आणि मशीनचं हेडही. वेगळ्या पिशवीत घालून तशीच आणा. बाकीच्या कॅसेट पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, स्पीकरपासून आणि ओल आलेल्या भिंतीपासून लांब. आणि घरात कुणी थोरलं असेल तर आजच त्यांच्याजवळ बसून कॅसेटच्या पाठीवर पेन्सिलीनं नावं लिहून घ्या: कुणाचं लग्न, कुठलं गाव, कुठला साल.